सेवाग्रामचा टेलिफोन आणि आमचीं मुलें

वर्ध्यासारख्या गांवांत संध्याकाळच्या वेळीं चार सुशिक्षित गृहस्थ कोणाच्या ओसरीवर जमले, कीं पाऊसपाणी, कापसाचा भाव आणि बदल्या-बढत्या ह्यांचा समाचार घेऊन झाल्यावर बोलण्याची गाडी हटकून एका ठिकाणीं येऊन थांबते. “आमचा पोरगा दिवसभर त्या मोबाईलमध्यें डोकें खुपसून असतो,” असें एकानें म्हणावें, दुसऱ्यानें आपल्या कन्येचें गाऱ्हाणें सांगावें, तिसऱ्यानें “हें व्यसन दारूपेक्षां वाईट” असा निकाल द्यावा, आणि चौथ्यानें “ज्या जिल्ह्यांत महात्माजी राहिले त्या जिल्ह्यांतलीं हीं मुलें!” असा सुस्कारा सोडून सभा बरखास्त करावी, हा क्रम आतां इतका ठरून गेला आहे कीं, त्यांत कांहीं तपासण्यासारखें असेल ही शंकाहि कोणास येत नाहीं. प्रस्तुत लेखाचा हेतु ती शंका उत्पन्न करण्याचा आहे. आमचें म्हणणें थोडक्यांत असें, कीं हा निकाल एकतर्फी आहे. आरोपीची बाजू न ऐकतां तो दिलेला आहे. आणि न्यायासनावर बसलेल्यांपैकीं बहुतेक जण ह्याच गुन्ह्यांत भागीदार आहेत.

आरंभींच एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. मुलांचें कांहींच बिघडलेलें नाहीं, असें आमचें म्हणणें नाहीं. रात्रीं दोन-दोन वाजेपर्यंत उशाशीं प्रकाशणारा पडदा, सकाळच्या तासाला जड झालेले डोळे, पुस्तकाचें एक पान पुरें होण्यापूर्वीं तीनदां खिशाकडे जाणारा हात, आणि फोन वाजला नसतांहि तो थरारल्याचा भास, हीं लक्षणें महाविद्यालयाशीं ज्याचा संबंध आहे त्याला नवीन नाहींत. कोरियांतील संशोधकांनीं २०१३ सालीं दहा विधानांची एक लहानशी कसोटी प्रसिद्ध केली, आणि पुढें ती अनेक देशांतील विद्यार्थ्यांना लावून पाहण्यांत आली. हातीं घेतलेलें काम फोनपायीं राहून जातें काय, वर्गांत लक्ष लागेनासें झालें आहे काय, मनगट किंवा मान दुखते काय, फोन जवळ नसला कीं जीव कासावीस होतो काय, ठरविल्यापेक्षां अधिक वेळ त्यांत जातो काय, अशा गोष्टी तींत विचारल्या आहेत. ध्यानांत ठेवण्यासारखी गोष्ट ही, कीं रोज किती तास फोन पाहतां हा प्रश्न त्या दहांत नाहीं. ओसरीवरची सारी चर्चा तासांवर चालते. शास्त्रज्ञ मात्र विचारतो कीं, ह्या वस्तूनें तुमच्या जगण्याचें काय केलें, आणि ती दूर झाली म्हणजे तुमच्या मनाचें काय होतें.

आतां ‘व्यसन’ ह्या शब्दाकडे वळूं. जागतिक आरोग्य संघटनेनें रोगांच्या वर्गीकरणाची अकरावी आवृत्ति जानेवारी २०२२ पासून अमलांत आणली. तींत संगणकीय खेळांच्या अतिरेकाला विकार म्हणून स्थान आहे. परंतु ‘स्मार्टफोनचें व्यसन’ ह्या नांवाचा रोग तींत नाहीं. हा केवळ शब्दांचा कीस काढणें नव्हे. व्यसन म्हटलें, कीं दोष वस्तूचा आणि दुबळेपणा माणसाचा, असा हिशेब आपोआप होऊन बसतो. वस्तु काढून घ्यावी, माणसाला चार शब्द सुनवावे, कीं आपलें कर्तव्य संपलें. त्या माणसाला मुळांत काय झालें होतें, हें विचारण्याची गरज उरत नाहीं.

काय झालेलें असतें तें पाहूं. समुद्रपूर किंवा आर्वीकडच्या एखाद्या खेड्यांतून वर्ध्याला शिकावयास आलेला एक मुलगा वाचकांनीं डोळ्यांपुढें आणावा. घरीं कोरडवाहू कापूस. २००६ सालीं केंद्र सरकारनें विदर्भांतील ज्या सहा जिल्ह्यांतील संकटग्रस्त शेतकऱ्यांसाठीं मदतीची योजना जाहीर केली, त्यांत वर्धा जिल्हा होता. तें साल ह्या मुलाच्या जन्माच्या आसपासचें. म्हणजे कर्ज हा शब्द तो मुळाक्षरांच्या आधीं शिकलेला आहे. गांवच्या शाळेंत तो पहिला येत असे. येथें व्याख्यान इंग्रजींत चालतें, आणि पहिल्या सत्रांतच त्याचे दोन विषय राहतात. घरीं सांगावें, तर बापानें त्याच्या फीसाठीं पैसे उसने घेतलेले. मित्रांना सांगावें, तर अब्रू जाते. प्राध्यापकांना सांगावें, तर त्यांना ह्याचें नांवहि ठाऊक नाहीं. भाड्याच्या खोलींत एक खाट, एक खिडकी आणि भिंतीला टांगलेलें वेळापत्रक. अशा मुलाला रात्रीं अकरा वाजतां जी एकच वस्तु हंसत नाहीं, रागावत नाहीं, मार्क विचारीत नाहीं, ती त्याच्या हातांत असते. तिच्यांत तो तोंड लपवितो. सकाळीं उठतो तों अभ्यास आणखी मागें पडलेला; म्हणून लाज आणखी वाढलेली; म्हणून रात्रीं लपण्याची गरज अधिक. ह्या चक्राला आम्ही ओसरीवर बसून ‘चैन’ म्हणतों!

मानसशास्त्रज्ञांत ह्या प्रश्नावर मतभेद आहेत, ते लपविण्याचें कारण नाहीं. चिंता, उदासी आणि एकटेपणा ज्यांच्यांत अधिक, त्यांच्यांत फोनचा अनिष्ट वापरहि अधिक, असें पुष्कळ पाहण्यांतून दिसून आलें आहे. तथापि ह्या पाहण्या बहुधा एकाच वेळीं प्रश्नपत्रिका भरून घेऊन केलेल्या असतात, आणि आधीं उदासी आली कीं आधीं फोन आला, हें त्यांवरून सांगतां येत नाहीं. २०१४ सालीं डॅनियल कार्डेफेल्ट-विंथर ह्या संशोधकानें असें प्रतिपादन केलें कीं, माणूस ह्या मायाजालांत कां गुंतला हें समजण्यासाठीं तो कशापासून पळत आहे हें आधीं विचारलें पाहिजे. प्रतिपक्ष म्हणेल कीं, फोन आला आणि मग मुलें बिघडलीं. त्याला आम्ही इंदूरच्या एका वैद्यकीय महाविद्यालयांतील पाहणीची आठवण देतों. ती २०१० सालीं प्रसिद्ध झाली, आणि तींत दर पांच विद्यार्थ्यांमागें जवळजवळ एक मोबाईलवांचून अस्वस्थ होणारा आढळला. त्या वेळीं बहुतेकांच्या हातीं बटनांचे साधे फोन होते. स्वस्त डेटाचा पूर २०१६ सालीं यावयाचा होता. पडदा लहान होता, रील नव्हते, तरी हुरहुर होतीच. तेव्हां ती केवळ पडद्यांतून आली, असें म्हणवत नाहीं.

ह्याचा अर्थ असा नव्हे, कीं यंत्र घडविणाऱ्यांस आम्ही निर्दोष सोडतों. बी. एफ्. स्किनर ह्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञानें सहकाऱ्यासह कबुतरांवर केलेल्या प्रयोगांचा मोठा ग्रंथ १९५७ सालीं प्रसिद्ध झाला. पेटींतील कबुतर एका चकतीवर चोंच मारतें. कधीं दाणा पडतो, कधीं पडत नाहीं. दाणा केव्हां पडेल ह्याचा नेम नसला, म्हणजे तें सारखें टोंचीत राहतें. दाणे अजिबात बंद केले तरी कितीतरी वेळ टोंचीत राहतें. बोटानें पडदा वर सारणारा आमचा विद्यार्थी हेंच करतो. नऊ चित्रें भिकार, दहावें मजेचें. आणि अकरावें कदाचित् त्याहून मजेचें असेल, ह्या आशेला अंत नाहीं. पूर्वीं पानाला शेवट असे, तेथें तरी हात थांबत असे. ॲझा रास्किन नांवाच्या तंत्रज्ञानें २००६ सालीं पानाचा तो शेवटच काढून टाकण्याची युक्ति रचली, आणि पुढें तिच्याबद्दल त्यानें जाहीर खेदहि व्यक्त केला. थकलेल्या एकोणीस वर्षांच्या मुलासमोर शेंकडों हुशार अभियंत्यांनीं घडविलेलें यंत्र उभें करावयाचें, आणि तो हरला कीं त्याची इच्छाशक्ति दुबळी म्हणावयाचें, ही कुस्ती आम्हांस न्यायाची वाटत नाहीं.

परंतु कबुतरांच्या प्रयोगांतला एक तपशील आमच्या वादाच्या दृष्टीनें सर्वांत महत्त्वाचा असून नेमका तोच सहसा सांगितला जात नाहीं. पेटींत घालण्यापूर्वीं त्या कबुतरांना मुद्दाम उपाशी ठेवीत. त्यांचें वजन नेहमीच्या चार-पंचमांशापर्यंत उतरवीत. पोट भरलेलें पांखरूं चकतीपाशीं ताटकळत बसत नाहीं. पेटी कंपन्यांनीं केली, हें कबूल. पण पांखरें उपाशी कोणीं ठेवलीं?

ही भूक कशाची, ह्याचा विचार झालेला आहे. आपण येथें बसलों आहों आणि इतर कोठें तरी आपल्यावांचून मौज करीत आहेत, ही जी टोंचणी हल्लींच्या तरुणांना लागलेली असते, तिचा अभ्यास अँड्रयू प्रझिबिल्स्की आणि त्याचे सहकारी ह्यांनीं २०१३ सालीं प्रसिद्ध केला. माणसाच्या मनाच्या तीन मूळ गरजा त्यांनीं लक्षांत घेतल्या: कोणाची तरी आपुलकी, आपल्याला कांहीं येतें ही जाणीव, आणि आपल्या मनाप्रमाणें वागण्याची मोकळीक. ह्या तीन गरजा ज्यांच्या कमी भागल्या होत्या, त्यांच्यांत ही टोंचणी अधिक आढळली. आतां ह्या तीन गरजांचा हिशेब आपण आपल्याच घरांत मांडून पाहूं.

मोकळीक! मुलानें कोणते विषय घ्यावे, हें तो दहावींत असतांनाच मामा, काका आणि शेजारचे निवृत्त अधिकारी ह्यांच्या सभेंत ठरतें; सभेला मुलगा हजर असतो तो पाणी देण्यापुरता. कर्तबगारी! कोणी चांगलें चित्र काढीत असतो, कोणी कबड्डी खेळत असतो. अकरावी लागली कीं रंगांची पेटी आणि मैदान दोन्ही बंद, आणि पुढें प्रवेशपरीक्षेच्या गुणांखेरीज त्याची किंमत करण्याचें दुसरें माप घरांत उरत नाहीं. त्या मापांत जो उणा पडला, त्याला आपल्याला कांहीं येतें ही जाणीव कोठून व्हावी? आणि आपुलकी? तिच्याबद्दल तर आम्हीं स्वतःची पाठ थोपटून घेतलेली आहे, कारण आम्ही मुलाला रोज तीन वेळां फोन करतों. “जेवलास का? अभ्यास झाला का? मार्क किती पडले?” असे तीन प्रश्न विचारून झाले, कीं वात्सल्याचें माप पदरांत पडलें. “तिकडे करमतें का?” हा चौथा प्रश्न विचारण्याची रीत आमच्या घरांतून उठूनच गेली आहे.

बरें, हा फोन मुलाच्या हातीं आला कसा? त्यानें चोरून आणला नाहीं. २०२० सालीं महामारीनें शाळा-महाविद्यालयें बंद पडलीं, तेव्हां आम्हींच सारी शाळा त्या पडद्यांत कोंबली. महाविद्यालयाची प्रत्येक सूचना व्हॉट्सॲपच्या गटावर येते, आणि ती न पाहणारा विद्यार्थी निष्काळजी ठरतो. म्हणजे दिवसा ज्या वस्तूकडे न पाहणें हा गुन्हा, तिच्याकडे रात्रीं पाहणें हेंहि पाप! शिवाय जेवणाच्या पाटावर डाव्या हातांत फोन धरून बसणारे तीर्थरूप, आणि कुटुंबाच्या गटावर पहांटे पांचालाच फुलांचीं चित्रें पाठविणारे आजोबा, ह्यांचें उदाहरण त्याच्यापुढें आहेच.

ह्या भुकेची परमावधि कोठें होते, हें लिहितांना लेखणी जड होते. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालाप्रमाणें २०२२ ह्या एका वर्षांत देशांतील १३,०४४ विद्यार्थ्यांनीं आत्महत्या केली, आणि राज्यवार यादींत महाराष्ट्राचा आंकडा सर्वांत मोठा होता. ह्या मृत्यूंचें खापर फोनवर फोडण्याचा आमचा मुळींच इरादा नाहीं. प्रत्येकाचें दुःख निराळें असेल. हा आंकडा आम्ही देतों तो एवढ्याचसाठीं, कीं मुलगा रात्रीं काय पाहतो ह्याची चौकशी करणाऱ्या घरांनीं तो जागा कां आहे, ह्याची चौकशी अधिक निकडीची मानावी.

फोन काढून घेणें हा उपाय सर्वांस सोपा वाटतो. एका महाविद्यालयांत एका प्राध्यापकांनीं वर्गाच्या दारांत टोपली ठेवून सर्वांनीं आपले फोन तींत टाकावे, असा नियम केला. टोपली रोज भरूं लागली, आणि गुरुजींना धन्यता वाटली. महिन्याभरानें कळलें कीं, टोपलींत पडणारे बरेचसे फोन घरांतले जुने, बंद पडलेले होते. चालू फोन जेथल्या तेथें खिशांत होता. ह्या गोष्टीचें नवल वर्धेकरांना तरी वाटूं नये. आमच्या जिल्ह्यांत १९७०च्या दशकापासून दारूबंदी आहे. तिच्यासाठीं खेड्यापाड्यांतल्या बायांनीं ज्या निष्ठेनें झुंज दिली तिच्यापुढें आम्ही नतमस्तक आहों. परंतु कायदा झाल्यानें दारू संपली, असें छातीला हात लावून कोण म्हणेल? दारूवांचून कोणाचें शिक्षण तरी अडत नाहीं. जी वस्तु प्रवेशाला, परीक्षेला, शिष्यवृत्तीच्या अर्जाला आणि आईच्या खुशालीला लागते, तिची बंदी किती दिवस टिकेल?

राहतां राहिला तो महात्माजींच्या नांवाचा सुस्कारा. वर्ध्यापासून पांच मैलांवर सेवाग्रामच्या आश्रमांत, कार्यालयाच्या कुटींत, एक टेलिफोन आजहि पाहावयास मिळतो. व्हाइसरॉय लॉर्ड लिन्लिथगो ह्यांनीं गांधीजींशीं बोलतां यावें म्हणून तो बसविला होता. साप पकडून दूर सोडून देण्याची पेटीहि तेथेंच आहे. आज येणारा प्रवासी खिशांतला फोन काढून त्या फोनचें छायाचित्र घेतो आणि पुढें जातो. परंतु त्या वस्तूकडे क्षणभर नीट पाहिलें, तर ती कांहीं सांगते. गांधीजींनीं टेलिफोन परत पाठविला नाहीं. यंत्राला त्यांचा सरसकट विरोध नव्हता; १९२४ सालीं शिवणयंत्राचा त्यांनीं मोकळेपणानें अपवाद केला होता. त्यांचें भांडण यंत्राच्या वेडाशीं होतें. म्हणून टेलिफोन आश्रमांत आला, पण तो एका कुटींत, एका ठिकाणीं राहिला. ज्याला काम असे तो उठून त्याच्याकडे जाई, आणि बोलून झालें कीं परत आपल्या कामाला येई. आश्रम टेलिफोनांत राहत नसे.

आणि तेथेंच दर सोमवारीं मौन असे. व्हाइसरॉय असो कीं जवळचा सहकारी असो, त्या दिवशीं उत्तर मिळावयाचें तें चिटोऱ्यावर लिहून. आमच्या सुस्कारे सोडणाऱ्या गृहस्थांना इतकेंच विचारावेंसें वाटतें कीं, हा नियम गांधीजींनीं प्रथम कोणावर बसविला होता? आश्रमांतल्या पोरांवर कीं स्वतःवर? स्वतःजवळ गप्प बसणें ही उपजत कला नव्हे. व्हर्जिनिया विद्यापीठांतील एका प्रयोगांत, ज्याचा वृत्तांत २०१४ सालीं प्रसिद्ध झाला, माणसांना पंधरा मिनिटें रिकाम्या खोलींत बसविलें. जवळ विजेचा झटका देणारें एक बटन ठेवलें. हा झटका टाळण्यासाठीं पदरचे पैसे देऊं, असें ज्यांनीं आधीं सांगितलें होतें, त्यांतलेच अठरा पुरुषांपैकीं बारा आणि चोवीस स्त्रियांपैकीं सहा जण नुसतें बसवेना म्हणून स्वतःला झटका देऊन मोकळे झाले. जें आम्हां प्रौढांस पंधरा मिनिटें साधत नाहीं, तें मुलांना कोणीं शिकवावें?

सांगली जिल्ह्यांतील मोहित्यांचें वडगांव ह्या गांवानें २०२२ सालीं ह्याचें एक साधें उत्तर काढलें. संध्याकाळीं सात वाजतां भोंगा होतो, आणि दीड तास गांवांतले मोबाईल व दूरचित्रवाणी बंद. ह्यांत मर्म भोंग्याचें नाहीं. आजीची मालिका आणि बापाचा फोनहि त्याच भोंग्यानें बंद होतो, ह्यांत आहे. मुलाची वस्तु हिसकली म्हणजे ती शिक्षा. साऱ्या घरानें मिळून ठेवली म्हणजे तें व्रत. शिक्षेला मुलें पळवाट शोधतात. व्रताला सोबत असते.

आमची मागणी मोठी नाहीं. घरांत फोनला एक जागा असावी, आणि जेवतांना व निजतांना तो तेथें असावा. पहिला फोन घरच्या कर्त्या माणसानें ठेवावा. नापास झालेल्या मुलाला तें घरीं सांगतां आलें पाहिजे, इतकी हवा घरांत मोकळी असावी. महाविद्यालयांनीं रात्रीं नऊनंतर गटांवर सूचना पाठवूं नयेत. ग्रंथालयें आणि मैदानें मात्र रात्रीं उघडीं ठेवावींत, आणि पहिल्या वर्षाच्या प्रत्येक मुलाला नांवानें ओळखणारा निदान एक शिक्षक असावा. ज्याला हें आवरत नाहीं त्यानें वैद्याकडे जाण्यांत लाज मानूं नये. सेवाग्राम आणि सावंगी येथील रुग्णालयांत मानसोपचाराचे विभाग आहेत. बंगलोरच्या ‘निम्हान्स’ संस्थेंत तर २०१४ पासून केवळ ह्याच तक्रारीसाठीं स्वतंत्र चिकित्सालय चालतें. आणि सरकारनें २०२२ सालीं सुरू केलेल्या ‘टेली-मानस’ सेवेचा १४४१६ हा क्रमांक अहोरात्र चालू असतो. तो लावावयाचा तो त्याच फोनवरून, हेंहि ध्यानांत ठेवावें.

ओसरीवरच्या मंडळींना शेवटीं एवढीच विनंति, कीं पुढच्या बैठकीला मुलांवर निकाल देण्यापूर्वीं प्रत्येकानें आपला फोन घरीं ठेवून यावें. बोलण्याला विषय किती उरतो, आणि हात किती वेळां खिशाकडे जातो, हें स्वतःशींच मोजावें. त्यानंतर जो निकाल द्यावयाचा तो खुशाल द्यावा.